गोट, वाडा आणि बयनामा : ग्वाल्हेर राज्यातील मराठी घरांची कहाणी

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी कुटुंबांत घराचा विषय निघाला की बोलणे हटकून वाड्यावर येते. वाडा किती चौकांचा होता, दिंडीदरवाजा केवढा होता, दसऱ्याच्या दरबारात घराण्याचा मान कितवा होता, हे तपशील तीन-चार पिढ्यांनंतरही तोंडपाठ असतात. परंतु ते घर मुळात कोणाकडून, किती रुपयांस व कोणत्या कागदाने घेतले, असे विचारले की बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. याचे कारण साधे आहे. यांपैकी पुष्कळ घरे विकत घेतलेलीच नव्हती. आपले पूर्वज या प्रांतात कसे आले याविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे; ते येथे राहिले कसे, आणि चाकरीच्या गावचे बिऱ्हाड हे स्वतःचे घर केव्हा झाले, याविषयी मात्र फारच थोडे. तो भाग येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

लष्कर शहराचा आरंभ तंबूंनी झाला. टॉमस ड्यूअर ब्राउटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ साली ब्रिटिश रेसिडेंटाच्या संरक्षक तुकडीबरोबर दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. त्याने तेथून आपल्या भावास लिहिलेली पत्रे १८१३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. छावणीचा मुक्काम कसा पडे याचे वर्णन त्याने बारकाईने केले आहे. बिनीवाला सैन्याच्या पुढे जाऊन जागा हेरी आणि महाराजांच्या डेऱ्यासाठी एक लहानसे पांढरे निशाण रोवी. मागून येणाऱ्या बाजारांची निशाणे ठरलेल्या क्रमाने लागत, दुकानांच्या दोन रांगांमधून रस्ता तयार होई, आणि प्रत्येक सरदार आपल्या नेमल्या ठिकाणी उतरे. मुक्काम रोज बदलला तरी शेजार बदलत नसे. आज ज्याच्या डाव्या हातास जो असे, तोच उद्याही असे.

पुढच्याच वर्षी, १८१० मध्ये, ही फिरती वसाहत ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस उतरली आणि पुन्हा उठली नाही. किल्ल्याखालचे जुने ग्वाल्हेर शहर तेथे आधीपासून होतेच. त्याच्याशी न मिसळता हे नवे गाव वाढले आणि त्याचे नावही 'लष्कर' हेच राहिले. जगात छावण्यांची शहरे अनेक झाली, परंतु दीडशे-दोनशे वर्षांनंतरही आपली मूळ मांडणी मोहल्ल्यांच्या नावांत इतकी जपून ठेवणारे शहर विरळाच असेल. शिंदे की छावनी, कंपू, जिनसी, हुजरात पूल, खासगी बाजार, पागनवीसी, आपटे की पायगा, ही नावे आपण रोज पत्त्यात लिहितो. कंपू म्हणजे कवायती पलटणी. जिनसी म्हणजे तोफखाना. हुजरात म्हणजे खुद्द धन्याच्या तैनातीतील स्वार. पायगा म्हणजे पागा. तंबू गेले, घोडे गेले, तोफाही गेल्या. नावे मात्र जागच्या जागी आहेत.

यांत 'गोठ' हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. निंबाळकर की गोठ, महाडिक की गोठ, चिटणीस की गोठ, बक्षी की गोठ असे मोहल्ले लष्करात आहेत. आजच्या तरुणांना त्यावरून गुरांचा गोठा आठवतो. आमच्या मते हा मराठी फौजेतील 'गोट' होय, म्हणजे एका सरदाराच्या माणसांचा स्वतंत्र तळ. 'सरकारी गोटातून कळते' असे वर्तमानपत्रे लिहितात, तोच हा गोट. हिंदी उच्चारात 'ट'चा 'ठ' झाला, एवढेच. निंबाळकरांच्या गोटात निंबाळकरांचे शिलेदार, कारकून, भिक्षुक, आचारी, मोतद्दार असे सारे एकत्र राहत, आणि तंबूंच्या जागी भिंती उभ्या राहिल्या तेव्हाही ते तसेच एकत्र राहिले. अशा ठिकाणी कोणी घर 'विकत घेण्याचा' प्रश्न कोठून येणार? जागा दरबारची, छत्र सरदाराचे आणि राहण्याचा हक्क चाकरीचा, अशी ही व्यवस्था होती.

सरदारांची स्थितीही तत्त्वतः फार निराळी नव्हती. जहागिरीची गावे सनदेने मिळत. कर्ता पुरुष निवर्तला की वारसास दरबारची मंजुरी घ्यावी लागे, नजराणा भरावा लागे. देणाऱ्याची मर्जी हाच त्या हक्काचा पाया होता. वाडे मात्र भव्य उठले. दख्खनेत वाडा म्हणजे लाकडी खांब, तुळया व विटांच्या भिंती. येथे भोवताली वालुकाश्माचे डोंगर. तेव्हा मांडणी आपली आणि दगड येथला, असा संयोग झाला. चौक, ओसरी, देवघर, माजघर आणि चौकातील तुळशीवृंदावन हे मराठी राहिले. दर्शनी भागावरच्या कोरीव जाळ्या, झरोके आणि दगडी पट्ट्यांची छपरे येथल्या कारागिरांची. म्हणून आपल्या घरांत अजूनही आतल्या भागांची नावे मराठी आणि बाहेरच्यांची हिंदी आढळतात. 'माजघरातून पाटौरीत जा' हे वाक्य पुण्यास कोणास उमगणार नाही. लष्करात ते पोरालाही समजते.

ही छावणी खऱ्या अर्थाने शहर झाली ती पराभवाने. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे ग्वाल्हेरची फौज एकाच दिवशी इंग्रजांकडून हरली आणि जानेवारी १८४४ च्या तहाने राज्याच्या सैन्याची मर्यादा ९,००० वर आली. तलवारीची चाकरी आटली. पुढे १८५२ साली दिनकरराव राजवाडे दिवाण झाले. त्यांनी महसुलाची इजारापद्धती मोडली आणि रोख पगाराच्या नोकरांकरवी वसुली व न्याय चालविण्याची घडी बसविली. यानंतर या प्रांतातील मराठी माणसाच्या हाती मुख्यतः लेखणी राहिली, आणि लेखणीबरोबर बदली आली. सुभे, कमाविसदार, कारकून, फौजदार, शाळामास्तर, वैद्य या नात्याने आपली कुटुंबे भिंड, जौरा, सबलगढ, श्योपूर, शिवपुरी, ईसागढ, मुंगावली, भेलसा अशा कसब्यांत पसरली. १८९९ पासून ग्वाल्हेरहून छोट्या रेल्वेचे फाटे निघाले आणि पुढे एक फाटा सबलगढमार्गे थेट श्योपुरापर्यंत पोहोचला. श्योपूरची ती चिमुकली गाडी २०२० साली बंद झाली आणि रुंद मार्गाचे काम हाती घेण्यात आले. परंतु एक शतकभर कित्येक मराठी संसारांची भांडीकुंडी, देव्हारे आणि लोणच्याच्या बरण्या तिनेच या कसब्यांत नेल्या व परत आणल्या.

वाड्यांच्या कौतुकात या कसब्यांतील जीवनाचा आपल्याला विसर पडला आहे. वस्तुतः या प्रांतातील मराठी साहित्याची आणि विचाराची काही मोठी नावे वाड्यांतून आलेली नसून कसब्यांतून आलेली आहेत. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म मुंगावलीचा. १९४१ साली त्यांचा शेवट ग्वाल्हेरीस झाला. गजानन माधव मुक्तिबोध १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे जन्मले. त्यांचे वडील माधवराव ग्वाल्हेर राज्याच्या पोलीस खात्यात होते आणि त्यांच्या बदल्यांबरोबर मुलांचे बालपण गावोगाव फिरत राहिले. त्याच घरातील एक भाऊ हिंदीचा युगप्रवर्तक कवी झाला, तर दुसरे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे श्रेष्ठ कवी व समीक्षक झाले आणि १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या मराठी ग्रंथास लाभला. घरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी, अशा बिऱ्हाडातच हे घडू शकते. वाड्याच्या तटाआड दोन भाषा इतक्या जवळ येत नाहीत.

कसब्यात राहण्याचे प्रकार तीन असत. पहिला सरकारी जागेचा, तो हुद्द्यापुरता. दुसरा भाड्याचा, एखाद्या सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या बाखळीत पुढची पौर आणि दोन खोल्या मिळत, अंगण सामाईक असे. तिसरा प्रकार देवस्थानाचा. मंदिराच्या पूजेअर्चेसाठी माफी जमीन मिळे आणि पुजारी कुटुंब मंदिराच्या आवारातच पिढ्यान्‌पिढ्या राही. पुष्कळांचा असा समज झाला की इतक्या वर्षांनी घर आपलेच झाले. तो समज कायद्यास कधीच मान्य नव्हता. मध्य प्रदेश शासन आणि पुजाऱ्यांची संघटना यांच्यामधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी हे पुन्हा स्पष्ट केले की अशा जमिनीचा मालक देव असून पुजारी हा केवळ व्यवस्था पाहणारा आहे. त्या निर्णयात ग्वाल्हेर राज्याच्या जुन्या कायद्यांचाही ऊहापोह झाला. रियासत संपून सात दशके लोटल्यावरही तिच्या दप्तरातील एक शब्द आजच्या घराचा निकाल लावू शकतो, हे त्यावरून दिसून येते.

या तिन्ही प्रकारांहून निराळा चौथा प्रकार म्हणजे स्वतःच्या पैशाने घर घेणे. तो कसब्यात सोपा नव्हता. शहरात पैसा मोजला की घर मिळते. गावात आधी शेजार मिळवावा लागे. ग्वाल्हेर राज्यात हक्क-शुफ्याचा कायदा होता. त्याचे संवत १९९२ चे स्वरूप महसुली व दिवाणी दप्तरांत काम केलेल्या जुन्या मंडळींच्या परिचयाचे असेल. त्याचा मतितार्थ असा की घर परक्यास विकले जात असेल तर भागीदार किंवा लगतचा शेजारी तेवढीच किंमत देऊन ते आपण घेण्याचा दावा करू शके. म्हणजे नवागताच्या व्यवहारावर शेजाऱ्यांची मूक संमती असल्याखेरीज तो सुरक्षित नसे. केवळ शेजारीपणावर उभा असलेला असा हक्क राज्यघटनेशी विसंगत आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ठरविले आणि पुढे तो इतिहासजमा झाला. हा कायदा व्यापाराच्या दृष्टीने जाचक होता यात शंका नाही. परंतु त्यामुळे एक गोष्ट घडे. 'दक्षिणी' कारकुनास घर घेण्यापूर्वी चार घरी जाऊन बसावे लागे, पौरीत बसून आपण कोण, कोठले, बदली झाल्यावर घराचे काय करणार, हे सांगावे लागे. पन्हाळीचे पाणी कोणाच्या बाजूस पडेल, सामाईक भिंतीवर कोण तुळई टेकवील, विहिरीवर कोणाची पाळी केव्हा, गल्लीतला निकास कोणाचा, याचा उलगडा व्यवहारापूर्वीच होई.

या ठिकाणी सनद आणि बयनामा या दोन कागदांची तुलना करून पाहण्याजोगी आहे. सनदेच्या माथ्यावर देणाऱ्या धन्याचे नाव असते, खाली घेणाऱ्याची चाकरी नमूद असते, आणि शेजाऱ्यांना त्यात स्थान नसते. बयनाम्यात चतुःसीमा लिहावीच लागते. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, उत्तरेस तमक्याची भिंत, दक्षिणेस मंदिराचे आवार. कोणी तेली, कोणी जैन सावकार, कोणी मुसलमान रंगारी, कोणी ठाकूर, अशी चार माणसे आपल्या घराचे स्थान निश्चित करतात. ज्या दिवशी एखाद्या मराठी शिक्षकाने वा कारकुनाने आपल्या नावे असा कागद करून घेतला, त्या दिवशी तो या प्रांताचा रहिवासी झाला, असे आम्ही मानतो. त्यापूर्वी तो येथे होता. पण असणे आणि वसणे यांत अंतर आहे.

स्वातंत्र्यानंतर हे अंतर एकाएकी उघडे पडले. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य अस्तित्वात आले. २ ऑक्टोबर १९५१ पासून जमीनदारी आणि ४ डिसेंबर १९५२ पासून जहागिरी संपुष्टात आल्या. गावे गेली, खासगी इमारती, विहिरी आणि खुदकाश्त जमिनी मात्र कायद्याने मालकांकडे ठेवल्या. परिणामी मोठमोठ्या घराण्यांच्या हाती वाडा राहिला, पण तो चालविणारे उत्पन्न राहिले नाही. भाडेकरू ठेवावे तर १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे जवळपास गोठले आणि घर रिकामे करून घेणे दुष्कर झाले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची टाच ग्वाल्हेरलाही लागली. मध्य प्रदेशात तो २००० साली रद्द होईपर्यंत मोकळ्या परसांचे व बागांचे व्यवहार अडखळले. दगडी छपरे गळू लागली, दुरुस्तीस पैसा नाही, विकावे तर भाडेकरू निघत नाहीत, वाटणी करावी तर कागद सापडत नाहीत, अशी अनेक वाड्यांची अवस्था झाली.

याच काळात लहान माणसे घरे घेत होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि पुष्कळ मराठी कर्मचारी तिकडे गेले. महालेखाकारांचे कार्यालय व महसूल मंडळ ग्वाल्हेरीस राहिल्याने बाकीचे येथे टिकले. कोणी थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरांत, कोणी मुरारमध्ये भाड्याने, तर कोणी तालुक्याच्या गावी. भविष्यनिर्वाह निधी, विम्याचे कर्ज आणि गृहिणीच्या पाटल्या यांची मोट बांधून त्यांनी दोन-दोन खोल्या उभ्या केल्या. या घरांना ना दिंडी, ना झरोका. त्यांच्याविषयी कोणी लेख लिहिला नाही, कोणी छायाचित्र काढले नाही. तथापि आज ग्वाल्हेर-चंबळ भागात जी मराठी कुटुंबे टिकून आहेत, त्यांतील फार मोठा भाग या दोन खोल्यांतून वाढलेला आहे. मिळालेल्या घरांनी आपल्याला प्रतिष्ठा दिली. घेतलेल्या घरांनी आपल्याला येथे राखले.

हा केवळ गतकाळाचा विचार नाही. सध्या लष्करातील व कसब्यांतील जुनी घरे झपाट्याने विकली जात आहेत. मुले पुणे, बंगळूर किंवा त्याहून दूर आहेत. वृद्धांना जिने चढवत नाहीत. दगडी पट्टी उतरवून बदलणारा कारागीर सहज मिळत नाही. विक्री करणाऱ्यांस दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्याला छताखाली बादल्या मांडून पावसाळा काढावा लागतो, त्याला वारशाचे महत्त्व दुसऱ्याने सांगू नये. परंतु महसुली कागदांत आयुष्य घालविल्यामुळे दोन-चार गोष्टी सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे आपले घर मुळात कोणत्या प्रकारचे, हे विक्रीचा विचार येण्यापूर्वीच तपासावे. जागा स्वतःच्या मालकीची, नजूलच्या पट्ट्यावरची, देवस्थानाच्या माफीची की गावठाणातील आबादीची, यावर सर्व काही अवलंबून असते. आजोबा तेथे राहत होते एवढ्याने काही सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट, २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्याने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क आहे. दूर देशी असलेल्या आत्याबाईंची व बहिणींची नावे वंशावळीत घालणे ही केवळ औपचारिकता नव्हे. ती गाळून केलेला व्यवहार पुढच्या पिढीस न्यायालयाच्या पायऱ्या चढावयास लावतो. तिसरी गोष्ट खेड्यांतील घरांविषयी. आबादीतील घरांचा स्वतंत्र मालकी लेख पूर्वी बहुधा नसेच. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून अशा घरांचे अभिलेख तयार करण्याचे काम मध्य प्रदेशातही झाले. ज्यांची जुनी घरे गावी कुलूपबंद आहेत त्यांनी त्या अभिलेखात कोणाचे नाव आले आहे, हे स्वतः जाऊन पाहावे. घराला कुलूप लावल्याने मालकी टिकत नाही.

चौथी गोष्ट या नियतकालिकाच्या वाचकांसाठी विशेष आहे. आपल्या ट्रंकांतून मोडीतील कागदांचे रुमाल अजून बाहेर निघतात. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत जातात किंवा पूजेत ठेवले जातात. दोहोंचा परिणाम सारखाच. ग्वाल्हेरच्या राजकीय इतिहासाची साधने थोर अभ्यासकांनी धुंडाळली आहेत, पण एका कारकुनाने सबलगढमध्ये घर कसे घेतले याचे साधन केवळ आपल्या घरीच असू शकते. घर विकावे लागले तरी त्यापूर्वी त्याचा हाती काढलेला नकाशा, खोल्यांची आपल्या बोलण्यातली नावे, खरेदीची रक्कम आणि बयनाम्याची नक्कल एवढे जपून ठेवावे. साहित्य संस्थांनी मोडी जाणणाऱ्यांच्या साहाय्याने अशा कागदांचे वाचनवर्ग भरविले, तर तरुणांनाही त्यात रस वाटेल, कारण त्यात त्यांच्याच घराचा पत्ता असेल.

आणि तो कागद वाचताना केवळ आपल्या पूर्वजाचे नाव पाहून थांबू नये. चतुःसीमेतील चार नावेही वाचावीत. त्यांचे वंशज बहुधा अजून त्याच गल्लीत राहतात, आणि आपल्या आजोबांविषयी आपल्याला ठाऊक नसलेल्या काही गोष्टी त्यांच्या घरी सांगितल्या जात असतील.